फीची सावड

संतोषने रशियाला पाठवलेले डॉलर अठरा दिवस कुठेकुठे फिरले आणि गुरुवारी संध्याकाळी त्याच्याच खात्यात परत आले. जाताना होते त्याहून थोडे कमी आले, कारण वाटेतल्या बँकांनी आपापला हात मारून घेतला होता. नाशिकला अंबडच्या कारखान्यात फोरमन असलेल्या संतोषने मोबाइलवर तो मेसेज वाचला आणि हातातला पाना बाकावर आपटला. पैसे पाठवायला पैसे लागतात हे त्याला ठाऊक होतं, पण न पाठवायलाही लागतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

हे पैसे निकिताच्या फीचे होते. निकिता त्याची एकुलती एक लेक. व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात ती डॉक्टरकी शिकत होती आणि आता सहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होती. पाच वर्षं फी कशीबशी पोचत होती. दिवाळीनंतर मात्र विद्यापीठाची बँकच अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेली आणि वाट बंद झाली. शुक्रवारी तिथले पाच वाजेपर्यंत, म्हणजे आपल्याकडचे साडेसात, फी जमा झाली नाही तर शेवटच्या परीक्षेच्या यादीत तिचं नाव लागणार नव्हतं. मग पुढची परीक्षा वर्षाने. तोवर व्हिसाचं काय, राहण्याचं काय, हे प्रश्न विचारायची घरात कुणाची हिंमत नव्हती.

पण संतोष हात बांधून बसणारा माणूस नव्हता. बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, मग ते यंत्र त्याचं असो वा शेजारच्या कारखान्यातलं. घरी येईस्तोवर त्याला एक युक्ती सुचली आणि ती सुचताच तो एवढा खूश झाला की दारातूनच बायकोला हाका मारू लागला.

"सविता, झालं काम. झुंबऱ्याला फोन लावतो."

झुंबर हा त्याचा निफाडकडचा बालमित्र. दोघांच्या बापांची शेतं बांधाला बांध लागून होती. संतोष कारखान्यात गेला, झुंबर द्राक्षात राहिला आणि आता त्याचे कंटेनर रशियाला जात होते. मॉस्कोच्या व्यापाऱ्याकडे त्याचे या हंगामातले पैसे यायचे होते. म्हणजे झुंबरचे पैसे तिकडे आणि संतोषचे इकडे. संतोषला लहानपणची सावड आठवली. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात राब, मजुरीचा रुपयासुद्धा इकडून तिकडे जायला नको. मग मॉस्कोच्या व्यापाऱ्याने झुंबरच्या पैशातून तिथल्या तिथे निकिताची फी भरावी, आणि संतोषने तेवढे रुपये झुंबरला इथे द्यावेत. बँक नको, डॉलर नको, अठरा दिवस नकोत.

झुंबरने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आरं, विचारतो काय? तुझी पोरगी ती माझी पोरगी. उद्या साडेबाराला त्याचं ऑफिस उघडतं. आत्ताच निरोप धाडतो, उघडल्या उघडल्या भरंल."

त्या रात्री संतोष पोटभर जेवला. गेल्या अठरा दिवसांत असा तो पहिल्यांदाच जेवला होता.

शुक्रवारी सकाळी अकराला तो बँकेत गेला. काम काही नव्हतं. गेला तो टेंभा मिरवायला. नाशिकच्या त्या शाखेत परदेशी व्यवहारांच्या टेबलावर तृप्ती नावाची तिशीतली मुलगी बसायची. नांदगावकडची, शांत, आणि संतोषच्या तीन आठवड्यांच्या चिडचिडीला तोंड दिलेली.

"मॅडम, तुमच्या बँकेचं काम आता नाय राहिलं," संतोष खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "आम्ही सावड केली." आणि त्याने सगळं सांगितलं.

तृप्तीचा चेहरा उतरला. "काका, ते पैसे भरले गेलेत का?"

"साडेबाराला भरतील. का?"

"मग अजून वेळ आहे. हे थांबवा."

संतोषचा आवाज चढला. तुमची बँक पाठवत नाही आणि आम्ही वाट काढली तर तीही नको, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते आजूबाजूच्या चार काउंटरांना ऐकू गेलं. तृप्तीने त्याला बोलू दिलं. मग पाण्याचा ग्लास पुढे सरकवून ती सांगू लागली.

"आपल्या बँकेची तिथल्या बँकेशी थेट ओळख नाही. मधे परदेशातली एक मोठी बँक असते. तिच्याकडे आपलंही खातं असतं, त्यांचंही. डॉलर जातात ते तिच्या हातून. आता विद्यापीठाच्या बँकेला वाळीत टाकलंय म्हणा. आणि वाळीत टाकलेल्याला पाणी दिलं, की देणाऱ्याचंही पाणी बंद होतं. हे तुम्हाला मी सांगायला नको."

"मग ती मोठी बँक घाबरली."

"ती घाबरली, म्हणून आपले डॉलर परत आले. आणि आपण गुपचूप काही करतोय असं तिला वाटलं तर ती आपलंच खातं बंद करील. मग नाशिकमधल्या कुणाचाच डॉलर तिच्या हातून जाणार नाही. पण ते सोडा. तुमच्या मित्राचं काय होईल ते ऐका. माल परदेशी पाठवला की त्याचे पैसे बँकेतून देशात यावे लागतात. त्यांचे तिथेच खर्च झाले, तर त्या बिलांचे पैसे आलेच नाहीत असं बँकेत दिसेल, चौकशी लागेल, पुढचा माल अडू शकतो. आणि काका, याला कायद्यात सावड म्हणत नाहीत. हवाला म्हणतात."

हवाला हा शब्द संतोषने फक्त बातम्यांत ऐकला होता. तो शब्द आपल्या आणि झुंबरच्या मधे येऊन बसेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

त्याने झुंबरला फोन लावला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग लक्षात आलं की या वेळी झुंबर पॅकहाऊसवर गारठ्याच्या खोलीत असणार, जिथे द्राक्षं थंड करतात, आणि फोन बाहेर टेबलावर पडलेला असणार. संतोष उठला, पाण्याचा ग्लास तसाच ठेवून बाहेर पळाला आणि मोटरसायकलला किक मारली.

निफाड तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. फेब्रुवारीचं ऊन, ऊस वाहणारे ट्रॅक्टर, आणि हेल्मेटच्या आत धडधडणारं डोकं. ओढा गावापर्यंत त्याला एकच गोष्ट दिसत होती, घड्याळ. पण पुढे चांदोरी गावाच्या अलीकडे ट्रॅक्टरांमागे अडकला तेव्हा दुसरा विचार आला, आणि तो विचार चांगला नव्हता. इथे दहा मिनिटं थांबलो तर? चहा घेतला तर? फी भरली जाईल. निकिताचं नाव लागेल. झुंबरचं जे व्हायचं ते महिन्या-दोन महिन्यांनी होईल, आणि झुंबर कधी तोंडातून ब्र काढणार नाही. कुणाला कळणारही नाही की मी इथे मुद्दाम थांबलो.

संतोषला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी विचार जाईना, हे विशेष. शेवटी त्याने कच्च्या साइडपट्टीवरून गाडी घातली, एका ट्रॅक्टरवाल्याची शिवी खाल्ली आणि पुढे निघाला.

पॅकहाऊसवर चाळीसेक बायका द्राक्षं खुडून-निवडून डब्यांत भरत होत्या. संतोष त्यांच्यामधून धावत गेला आणि गारठ्याच्या खोलीचं जाडजूड दार त्याने ओढलं. आत कानटोपी घातलेला झुंबर खोकी मोजत होता.

"संत्या? तू इकडं कुठं?"

"मॉस्कोला फोन लाव अन त्याला थांबव."

"काय थांबव?"

"फी. भरायची नाय."

झुंबरने कानटोपी काढली. "डोकं फिरलं का तुझं? पोरीचं वरीस जाईल."

"जाईल तर जाऊ दे. तुझं नाव खराब झालं तर पुढचा कंटेनर हलायचा नाय. मग या चाळीस बायांनी कुठं जायचं?"

"माझं मी बघून घेईन."

"तू काय बघतो? तू आजवर एक कागद नीट वाचलाय का? शाळेत निकालपत्रावर सहीसुद्धा मीच मारायचो तुझ्या बापाची."

झुंबर हसला नाही. त्याने संतोषच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हा माणूस मनापासून बोलतोय. बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. टेबलावरचा फोन उचलून त्याने मॉस्कोला लावला. पलीकडे व्यापाऱ्याचा मॅनेजर होता. झुंबरचं इंग्रजी द्राक्षापुरतं होतं, त्यामुळे तो फोनमध्ये एवढंच म्हणत राहिला, "फी नो. टुडे नो, टुमारो नो. मनी फक्त बँक." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. झुंबरने तेच पुन्हा तीनदा सांगितलं. मग फोन ठेवून म्हणाला, "थांबला. खातं उघडून बसलाच होता, म्हनतो."

दोघे रिकाम्या क्रेटवर बसले. एवढी घाई करून संतोषने मिळवलं काय, तर स्वतःच्या लेकीची फी स्वतःच्या हाताने अडवली. सविताचा फोन आला तेव्हा त्याला घ्यावासा वाटेना, पण घेतला आणि सगळं सांगून टाकलं. ती अंगणवाडीत कामावर होती. मागे पोरांचा गलका चालू होता.

"बरं केलंत," ती म्हणाली. "आता काय करायचं ते बघा. अजून सात तास आहेत."

खरं म्हणजे सातही नव्हते. पण बायकोने मोजले म्हणजे आहेत, असं धरून संतोष पुन्हा विचार करू लागला. यंत्र बंद पडलं की तो आधी एकच गोष्ट बघायचा, कुठला भाग अजून चालतोय.

"झुंबऱ्या, मागल्या वर्षीचे तुझे पैसे कसे आले? रशियावर निर्बंध तर तेव्हाबी होते."

"रुपयात आले. तिकडच्या कुठल्याशा बँकेनं मुंबईत रुपयाचं खातं काढलंय. व्यापारी तिकडं रुबल भरतो, अन मला या खात्यातून रुपये मिळतात. डॉलरचा संबंधच नाय."

संतोष ताडकन उभा राहिला. "त्या खात्यातून रुपये निघतात. मग त्याच्यात भरताबी येत असतील की."

झुंबरला काही उलगडेना, पण मागच्या वर्षीचा कागद शोधून काढण्याइतका तो शहाणा होता. संतोषने त्याचा फोटो तृप्तीला पाठवला आणि फोन लावला. "मॅडम, ज्या दारानं द्राक्षाचे पैसे येतात, त्या दारानं फी जाईल का? मी इथं रुपये भरतो. तिकडची बँक विद्यापीठाला रुबल देईल. ती बँक वाळीत नसेल, तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

तृप्तीचा आवाज आला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यात घाई होती. "हे खातं आपल्याच बँकेच्या मुंबई कार्यालयात आहे. मालाच्या व्यवहारासाठी म्हणून उघडलंय. फी चालते का, मला माहीत नाही. इथे कुणी विचारलंच नाही कधी. पाच मिनिटं द्या."

तिला पन्नास मिनिटं लागली. तोवर संतोष नाशिकला परत आला होता. बँकेच्या दारातच तृप्ती उभी दिसली. तिच्या चेहऱ्यावर उत्तर दिसत होतं, तरी संतोषने ते तोंडाने ऐकलं तेव्हाच त्याचा श्वास सुटला. मुंबईने हो म्हटलं होतं. अट एवढीच, की विद्यापीठाचं फीचं बिल रुपयांत हवं, त्यावर शिक्का हवा, आणि हे सगळं साडेचारच्या आत मुंबईला पोचायला हवं.

आता पळायची पाळी निकिताची होती. उणे चौदा अंशांत ती वसतिगृहातून विद्यापीठाच्या हिशेब खात्याकडे धावली. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी उभ्या आयुष्यात रुपयातलं बिल केलं नव्हतं. रुपया म्हणजे काय, तो किती, तो कुठे मिळतो, असे प्रश्न निघाले. निकिताने रशियन भाषेत वाद घातला, आणि सहा वर्षांत शिकलेली सगळी भाषा त्या पाऊण तासात खर्चून टाकली. चार वाजून पाच मिनिटांनी बिलाचा फोटो आला. तृप्तीने बघितला आणि मान हलवली.

"शिक्का नाही."

संतोषने कपाळावर हात मारला. निकिता पुन्हा धावली, दोन मजले वर, अधिष्ठात्यांच्या दारात. चार वाजून चोवीस मिनिटांनी दुसरा फोटो आला. निळा, गोल, थोडा फिसकटलेला शिक्का होता, पण शिक्का होता. तृप्तीने तो कागद मुंबईला पाठवला तेव्हा शाखाधिकारीसुद्धा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

सव्वापाचला मुंबईच्या त्या खात्यात संतोषचे रुपये जमा झाले. पुढचं काम तिकडच्या बँकेचं. तिने मनात आणलं तर दहा मिनिटांत, नाही आणलं तर सोमवारी.

बँकेची वेळ संपली. शिपायाने शटर अर्धं खाली ओढलं. सविता अंगणवाडीतून तडक आली होती. झुंबर पॅकहाऊस बायकोवर सोपवून आला होता. तो वाकून शटरखालून आत शिरला आणि एका कोपऱ्यात उभा राहिला. सात वाजता निकिताने व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलच्या काचेत ती खिडकी दिसली, खिडकीमागे चष्मा लावलेल्या बाई आणि त्यांचा संगणक.

"न्येत," बाई म्हणाल्या. रशियन भाषेतला हा एकच शब्द संतोषला येत होता. म्हणजे नाही.

सात वाजून तेरा मिनिटांनी त्यांनी पुन्हा पाहिलं. न्येत. सात एकवीसला पुन्हा न्येत. सविताने संतोषचं मनगट धरलं, ते एवढं घट्ट, की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला. त्याने हात सोडवला नाही. त्याला वाटत होतं, आपण चांदोरीला थांबायला हवं होतं का? आणि लगेच वाटत होतं, नाही, नको होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

सात सव्वीसला बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेऊन काहीतरी वाचलं. मग एक वही पुढे ओढून निकिताकडे पेन सरकवलं. त्या काय म्हणाल्या ते इथे कुणालाच कळलं नाही. निकिताने सही केली आणि फोन स्वतःकडे वळवला. तिचं नाक थंडीने आणि रडण्याने लालबुंद झालं होतं.

"पप्पा, नाव लागलं."

सविता खुर्चीवर बसून रडू लागली. झुंबरने डोळे पुसले आणि ते कुणी पाहिलं का हे बघत भिंतीकडे तोंड केलं. संतोषला केवढा आनंद झाला होता, पण तो बाहेर कसा काढायचा हे कळेना, म्हणून तो उगाच तृप्तीच्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. त्याला या मुलीच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि वयाने मोठा असल्यामुळे ते जमत नव्हतं.

"पप्पा, थांबा, फोन ठेवू नका." निकिताने मोबाइल मागे वळवला. लांबलचक व्हरांड्यात भिंतीला टेकून सात-आठ पोरं-पोरी उभी होती, जाड कोट घातलेली. "हे सगळे आपल्याकडचेच आहेत. कुणी मालेगावचं, कुणी नांदगावचं. ज्युनियर आहेत. यांचेही डॉलर परत आलेत, आणि यांना सोमवारपर्यंत मुदत आहे. तृप्ती मॅडमचा नंबर देऊ का?"

तृप्ती दिवसभराच्या कामाने गळून गेली होती. तिने संतोषकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाली, "दे."

दोन मिनिटांत तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. नांदगावची एक बाई होती, आणि ती रडत रडत एकच गोष्ट परत परत सांगत होती, की त्यांनी रशियाला माल पाठवणारा एक ओळखीचा माणूस गाठलाय आणि तो म्हणतो, तिकडच्या तिकडे भरून टाकू. तृप्तीने फोन संतोषपुढे धरला. "काका, हे तुम्हीच सांगा."

संतोषने फोन घेतला. "ताई, आधी रडायचं थांबवा. तुमचं काम होतंय. पण त्या माणसाला आत्ताच्या आत्ता फोन करा अन पैसे भरू नको म्हनून सांगा. तो चांगला माणूस असंल, म्हनूनच सांगा." संतोषने पायाने खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.